‘तत्क्षणी’पासून ‘यथावकाश’पर्यंत

इंग्रजीच्या वर्गात ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’ शिकवले जात असताना एक गैरसमज हमखास होतो आणि तो बहुधा कोणाच्या ध्यानीही येत नाही. पहिल्याच प्रवेशाच्या अखेरीस अँटोनिओ आपला मित्र बॅसॅनिओ याला सांगतो की, आपली सारी दौलत समुद्रावर आहे. हाताशी रोकड नाही आणि ती उभी करण्याजोगा मालही नाही. तेव्हा व्हेनिसमध्ये आपली पत कितपत चालते ते अजमावून पाहावे, आणि पैसा कोठे मिळेल याच्या चौकशीसाठी बॅसॅनिओने ‘प्रेझेंटली’ निघावे. आजचा विद्यार्थी शब्दकोश उघडतो. तेथे त्याला ‘थोड्या वेळाने’ आणि ‘सध्या’ असे दोन अर्थ आढळतात. मग मित्रासाठी आपली मान अडकवून घ्यायला निघालेला तो उदार व्यापारी ‘जा, पण सावकाशीने जा’ असे सांगत असल्याचे विपरीत चित्र उभे राहते. वास्तविक शेक्सपिअरच्या लेखणीत या क्रियाविशेषणाचा अर्थ ‘याच क्षणी’ असा आहे. ‘टेंपेस्ट’ नाटकात प्रॉस्पेरो आज्ञा देतो तेव्हा त्याचा आज्ञाधारक एरिअल एकाच शब्दात विचारतो, ‘प्रेझेंटली?’ आणि प्रॉस्पेरोचे उत्तर असते की, डोळ्याचे पाते लवते न लवते तोच. शब्दाचा अर्थ नाटककाराने स्वतःच सांगून ठेवल्याचे असे उदाहरण विरळा.

१६११ साली इंग्लंडात सिद्ध झालेल्या बायबलच्या अधिकृत भाषांतरातही हा शब्द याच अर्थाने येतो. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशूने शापिलेले अंजिराचे झाड ‘प्रेझेंटली’ वाळून गेले, असे तेथे म्हटले आहे. आजच्या अर्थाने वाचले तर झाड यथावकाश वाळले, असे होते; आणि यथावकाश तर सगळीच झाडे वाळतात, त्यात चमत्कार तो कोणता? १८८१ साली नव्या कराराचे सुधारलेले भाषांतर प्रसिद्ध झाले, तेव्हा पंडितांनी तेथला ‘प्रेझेंटली’ काढून ‘इमिजिएटली’ हा शब्द घातला. श्रद्धाळू वाचकांच्या डोळ्यांदेखत पावणेतीनशे वर्षांत चमत्काराचे तेज एका शब्दापायी मंदावले होते आणि ते पुन्हा उजळण्यासाठी नवा शब्द आणावा लागला. सी. एस. लुइस यांनी शब्दार्थांविषयीच्या आपल्या १९६० च्या ग्रंथात अशा अर्थांना ‘धोकादायक अर्थ’ म्हटले आहे. जो शब्द अजिबात कळत नाही तो वाचकाला कोशाकडे नेतो. त्याच्यापासून धोका नाही. जो कळल्यासारखा वाटतो आणि आजच्या अर्थाने वाक्यात बेमालूम बसतो, तोच फसवतो.

लॅटिनमधून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आलेल्या ‘प्रेझेंट’ या शब्दाचा मूळ भाव ‘समोर असलेला, हजर’ असा. जे समोर आहे ते हाताशी आहे, आणि जे हाताशी आहे ते लागलीच होणारे आहे, अशी ही अर्थाची सरळ वाट. अँटोनिओ ‘हजर रक्कम’ उभी करण्याविषयी बोलतो तेथेही हेच विशेषण आहे. मराठी व्यापारी ‘रोख’ म्हणेल ते हेच. सतराव्या शतकाच्या ओघात मात्र हा रोखीचा शब्द हळूहळू उधारीवर गेला. ‘तत्क्षणी’चे ‘लवकरच’ झाले आणि ‘लवकरच’चे ‘थोड्या वेळाने’. ही घसरण इतकी अल्लद झाली की, त्या काळातील अनेक वाक्यांत लेखकाला नेमका कोणता अर्थ अभिप्रेत होता, हे आज ठरवणे कठीण जाते. जेन ऑस्टिनच्या कादंबऱ्यांत पाहुणे ‘प्रेझेंटली’ येतात तेव्हा मध्ये चहाचा एखादा पेला रिकामा होण्याइतका अवधी खुशाल गेलेला असतो.

हा एकट्या शब्दाचा अपघात असता, तर त्याच्यावर वर्तमानपत्राची जागा खर्च करण्याचे कारण नव्हते. परंतु इंग्रजीत ‘तत्काळ’ या अर्थाचे जे जे जुने शब्द होते, त्यांतील बहुतेकांची हीच गत झालेली दिसते. आज ‘लवकर’ या अर्थाने वापरला जाणारा ‘सून’ हा शब्द (मराठी घरात हा उच्चार ऐकताच वेगळेच नाते आठवते, पण त्याला इलाज नाही) प्राचीन इंग्रजीत ‘सोना’ असा होता आणि त्याचा अर्थ ‘तत्क्षणी’ असा होता. ‘अनॉन’ हा शब्द ‘एकात’ अशा मूळ अर्थाच्या दोन शब्दांच्या जोडणीतून आला. ‘एका दमात, लगोलग’ हा त्याचा जुना अर्थ. तोही झिजून ‘नंतर केव्हातरी’ झाला आणि अखेर जुन्या काव्यापुरता उरला. ‘बाय अँड बाय’ हा शब्दप्रयोग १६११ च्या त्याच बायबलात हेरोदाच्या दरबारातील मुलीच्या तोंडी आहे. योहानाचे शिर तबकात घालून याच क्षणी द्यावे, अशी तिची मागणी आहे. आज ‘बाय अँड बाय’ म्हणजे सवडीने. त्या भीषण प्रसंगात सवडीचा हा सूर कसा ऐकू येतो, याची कल्पना वाचकाने करावी.

असे का व्हावे, याचे उत्तर व्याकरणात शोधून मिळत नाही. ते शेक्सपिअरच्या ‘हेन्री चौथा’ नाटकाच्या पहिल्या भागात, ईस्टचीपच्या दारूच्या गुत्त्यात मिळते. राजपुत्र हॅल आपल्या सोबत्याला बाजूच्या खोलीतून फ्रान्सिस नावाच्या पोऱ्याला हाका मारायला लावतो आणि स्वतः त्या पोऱ्याला समोर बोलण्यात गुंतवून ठेवतो. बिचारा पोऱ्या प्रत्येक हाकेला ‘अनॉन, अनॉन’ असे ओरडून उत्तर देतो आणि जागचा हलत मात्र नाही. राजपुत्राने मांडलेली ही थट्टा क्रूर खरी, पण तीत अर्थशास्त्राचा एक पाठ आहे. फ्रान्सिस खोटे बोलत नाही. त्याला खरोखरच जायचे आहे. तथापि हाका मारणारे अनेक, पोऱ्या एक, आणि प्रत्येकाला सांगण्याजोगा शब्द तोच. पुरवठ्याहून मागणी अधिक असली की किंमत वाढते. ती वाढू देणे शक्य नसेल तर रांग वाढते. रांगेतल्या माणसाला धीर देण्यासाठी शब्द खर्ची पडतो आणि खर्ची पडता पडता हलका होतो. मराठी उपाहारगृहात ‘आलोच साहेब’ असे उत्तर मिळते, त्यात तर क्रियापदच भूतकाळी आहे. यायचे अजून बाकी असताना आल्याची ग्वाही देण्याची ही सोय मराठीने व्याकरणातच करून ठेवली आहे, आणि ‘आलोच’ ऐकलेल्या गिऱ्हाइकाला किती वेळ लागेल हे पुरते ठाऊक असते.

शब्दांच्या या झिजेला नाण्यांच्या इतिहासात एक जवळचे साम्य आढळते, आणि ते नेमके त्याच शतकातले आहे. आठव्या हेन्रीने १५४४ पासून इंग्लंडच्या चांदीच्या नाण्यांत तांबे मिसळण्याचा सपाटा लावला आणि दोनच वर्षांत नाण्यातील चांदी एक तृतीयांशावर आणली. नाण्याचे नाव तेच, त्यावरचा राजाचा मुखवटाही तोच. फक्त वापराने वरचा मुलामा झिजला की राजाच्या नाकाशी तांबे दिसू लागे, आणि त्यावरून लोकांनी त्याला ‘तांबड्या नाकाचा’ असे टोपणनाव दिले होते. ‘प्रेझेंटली’चे असेच झाले, नाव तेच राहिले, आतली चांदी गेली. मात्र हे साम्य फार ताणू नये. हिणकस नाणे राजा पाडतो आणि त्याचा नफा राजाच्या तिजोरीत जातो. हिणकस शब्द पाडायला टांकसाळ लागत नाही. तो प्रत्येक आश्वासन देणारा पाडतो आणि नफा त्या त्या आश्वासकाला वेळेच्या रूपाने मिळतो. तोटा वाट पाहणाऱ्याचा. ज्याच्या हाती काम आहे तो बोलतो आणि ज्याचे काम अडले आहे तो ऐकतो. शब्दाचा अर्थ बोलणाऱ्याच्या सोयीने ठरत जातो, यात नवल नाही. माणूस जात्या आळशी म्हणून हे शब्द झिजले, असे स्पष्टीकरण कधीकधी दिले जाते. ते अपुरे आहे. आळस तर दोन्ही बाजूंना सारखाच असतो; शब्द झिजतात ते अधिकार दोन्ही बाजूंना सारखा नसतो म्हणून.

जुने नाणे निकामी झाले की भाषा नवे पाडते. ‘प्रेझेंटली’च्या जागी ‘इमिजिएटली’ आला. ‘मध्ये काहीही नसलेला’ असा त्याचा मूळ भाव. ‘डायरेक्टली’, ‘इन्स्टंटली’, ‘ॲट वन्स’ हे त्याचे साथीदार. यांतील ‘डायरेक्टली’ला अमेरिकेच्या दक्षिण भागातील बोलीत घसरण लागलेलीच आहे, तेथे त्याचा अर्थ ‘होईल थोड्या वेळाने’ असा समजतात. दक्षिण आफ्रिकेतील इंग्रजीत ‘जस्ट नाऊ’ म्हणजे आता नव्हे, पुढे कधीतरी. मराठीतही ‘लगेच’ पुरेना म्हणून ‘ताबडतोब’, तो पुरेना म्हणून ‘तातडीने’ आणि तोही पुरेना म्हणून ‘अतितातडीने’ अशी चढती भाजणी कचेऱ्यांतील कागदांवर दिसतेच. सगळ्याच कागदांवर ‘अतितातडीचे’ असा शिक्का असला म्हणजे कोणताच कागद तातडीचा राहत नाही, हे कोणत्याही अनुभवी लेखनिकाला सांगावे लागू नये. रेल्वेने १९९७ साली ‘तत्काळ’ या शब्दालाच जादा आकाराचे तिकीट लावले. अर्थशास्त्राच्या दृष्टीने हा प्रामाणिकपणाच म्हणायचा.

‘प्रेझेंटली’ची कथा मात्र येथे संपत नाही. ‘सध्या’ हा त्याचा दुसरा अर्थही जुना आहे, पंधराव्या शतकापासूनचा. शिष्ट इंग्रजी लेखनातून तो सतराव्या शतकानंतर जवळजवळ हद्दपार झाला होता, पण स्कॉटलंडमध्ये आणि इंग्लंडच्या अनेक बोलींत तो नांदत राहिला. विसाव्या शतकात अमेरिकेतून तो पुन्हा वर आला, तेव्हा इंग्लंडातील शुद्धतावाद्यांनी ही अमेरिकनांची आगळीक ठरवली. ज्याला ते उपरा म्हणत होते तो घरचाच जुना वारस होता. भारतीय कचेऱ्यांतील इंग्रजीत तर हाच अर्थ सर्रास रूढ आहे. अमुक अधिकारी ‘प्रेझेंटली’ अमुक ठिकाणी कार्यरत आहेत, हे वाक्य कोणाला खटकत नाही. अशा प्रयोगावर तांबड्या पेन्सिलीने रेघ मारणारे शिक्षक अजूनही भेटतात. त्यांचा आग्रह सुटावा हे बरे. वाक्य वर्तमानकाळी असेल तर ‘सध्या’ आणि भविष्यकाळी असेल तर ‘लवकरच’, एवढा विवेक वाचक क्रियापदावरून सहज करतो. शब्दाला दोन अर्थ असणे हा दोष नव्हे. चिंता करायची ती दुसऱ्याच गोष्टीची.

ती गोष्ट अशी की, बोलीत झिजलेले हे शब्द कायद्यात आणि राज्यघटनेत जाऊन बसले आहेत. ‘सून’ या क्रियाविशेषणाचा जुना, कडक अर्थ आजच्या इंग्रजीत एका ठिकाणी अवशेषरूपाने टिकून आहे: ‘ॲज सून ॲज’ या रचनेत. ‘तो आला की लगेच’ या अर्थाच्या वाक्यात मध्ये एका क्षणाचेही अंतर गृहीत नसते. तेव्हा ‘ॲज सून ॲज पॉसिबल’ या शब्दांचा काटेकोर अर्थ ‘शक्य होईल त्याच क्षणी’ असा व्हायला हवा. व्यवहारात त्याचा अर्थ ‘जमेल तेव्हा’ असा होतो, कारण शक्य केव्हा झाले हे ठरवणारा आणि काम करणारा एकच असतो.

व्यापाऱ्यांच्या कायद्याने हा धोका वेळीच ओळखला होता. चलनक्षम दस्तऐवजांचा अधिनियम १८८१ सालचा, म्हणजे बायबलातील तो शब्द बदलला गेला त्याच वर्षाचा. हुंडी ‘दाखवताच’ किंवा ‘सादर करताच’ देय असेल तर ती ‘मागताच’ देय समजावी, असे त्यात कलम २१ मध्ये स्पष्ट केले आहे. आणि मुदतीच्या हुंडीला सवलतीचे दिवस किती, तर तीन, असे पुढच्याच कलमात आकड्यात सांगितले आहे. पैशाच्या बाबतीत क्रियाविशेषणावर विसंबणे परवडत नाही, हे सावकाराला कोणी शिकवावे लागत नाही.

राज्यघटनेत मात्र आकडा आणि शब्द दोन्ही आढळतात, आणि तेही एकाच अनुच्छेदात. अनुच्छेद २२ नुसार अटक केलेल्या व्यक्तीला चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यासमोर उभे केले पाहिजे. पण अटकेची कारणे तिला ‘होईल तितक्या लवकर’ सांगावीत, एवढेच म्हटले आहे. विधेयकांच्या संमतीविषयीची कथा याहून बोलकी आहे. राष्ट्रपतींनी विधेयक फेरविचारार्थ परत पाठवायचे झाल्यास ते सादर झाल्यापासून सहा आठवड्यांच्या आत पाठवावे, अशी तरतूद मसुद्याच्या अनुच्छेद ९१ मध्ये होती. १९४९ साली डॉ. आंबेडकरांच्या दुरुस्तीने ‘सहा आठवडे’ गेले आणि ‘ॲज सून ॲज पॉसिबल’ हे शब्द आले. ह. वि. कामत यांनी घटनासभेत या बदलाला विरोध केला होता. आजचा अनुच्छेद १११ तो हाच, आणि राज्यपालांविषयीच्या अनुच्छेद २०० मध्येही तेच शब्द आहेत.

दुरुस्तीच्या बाजूनेही बोलण्यासारखे पुष्कळ आहे. सहा आठवड्यांची मुदत घातली की दोन दिवसांचे कामही सहा आठवडे रेंगाळते. पार्किन्सनने १९५५ साली आपला प्रसिद्ध नियम मांडला तो यावरच, की हाती असलेला वेळ भरून निघेपर्यंत काम पसरत जाते. उच्चपदस्थांच्या हाती आकड्याऐवजी शब्द देणे हा त्यांच्यावरील विश्वास होता. या विश्वासाचे पुढे काय झाले, ते सर्वांसमोर आहे. तमिळनाडूच्या विधिमंडळाने संमत केलेली विधेयके राज्यपालांकडे पडून राहिली, त्यांतील काही २०२० पासूनची होती. नोव्हेंबर २०२३ मध्ये पंजाबच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की, ‘ॲज सून ॲज पॉसिबल’ हे शब्द शोभेचे नाहीत, त्यांत त्वरेचा घटनात्मक आदेश आहे. एप्रिल २०२५ मध्ये तमिळनाडूच्या प्रकरणात दोन न्यायमूर्तींच्या पीठाने त्या शब्दाला महिन्यांचे माप लावले: कोठे एक महिना, कोठे तीन. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने, राष्ट्रपतींनी विचारलेल्या प्रश्नांना उत्तर देताना, घटनेत नसलेली मुदत न्यायालयाला घालता येत नाही, असे मत दिले. दीर्घकाळ आणि कारण न देता काहीच केले नाही, तर निर्णय घ्या एवढे मर्यादित सांगता येईल, अशी पुस्तीही जोडली. सहा आठवडे, मग शब्द, मग महिने, आणि पुन्हा शब्द. घटनेच्या मूळ मजकुराशी हे मत सुसंगत असेलही. पण ‘दीर्घकाळ’ हा आणखी एक शब्दच आहे, आणि त्याची चांदी किती ते पुढचा खटला ठरवील.

सामान्य नागरिकाच्या वाट्याला येणाऱ्या कायद्यांनी अलीकडे आकड्यांचा आश्रय घेतला, ही त्यातल्या त्यात समाधानाची बाब होय. माहितीच्या अधिकाराचा २००५ चा अधिनियम ‘होईल तितक्या शीघ्रतेने’ असे म्हणून थांबत नाही, ‘आणि कोणत्याही परिस्थितीत तीस दिवसांच्या आत’ असे पुढे जोडतो. जीविताचा वा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर अठ्ठेचाळीस तास. महाराष्ट्राने त्याच वर्षी बदल्यांचे विनियमन आणि शासकीय कामातील विलंबास प्रतिबंध करणारा कायदा केला. कोणतीही नस्ती कोणत्याही कर्मचाऱ्याकडे कामाच्या सात दिवसांहून अधिक काळ प्रलंबित राहू नये, असे तो म्हणतो. आणि तातडीच्या नस्तीला चार दिवस व तात्काळ नस्तीला एक दिवस किंवा फार तर दुसऱ्या दिवसाची सकाळ, असे मापही घालून देतो. ‘तात्काळ’ म्हणजे उद्या सकाळपर्यंत, हे विधिमंडळाला अंकात लिहावे लागले. फ्रान्सिसच्या ‘अनॉन’ला ईस्टचीपच्या गिऱ्हाइकांनी घड्याळ लावावे, तसाच हा प्रकार. तरीही माहितीच्या अर्जाचे उत्तर तिसाव्या दिवसाच्या आसपास आले, तर त्याचे आश्चर्य अर्जदाराला वाटत नाही. पार्किन्सन तेथेही हजर आहेच.

मराठीत ‘सध्या’ हा शब्द आला तो संस्कृत ‘सद्यः’ वरून. संस्कृतात ‘सद्यः’ म्हणजे त्याच दिवशी, त्याच क्षणी, तत्काळ. म्हणजे इंग्रजीतील ‘प्रेझेंटली’ ज्या दोन अर्थांच्या वाटेवर चालला, त्याच वाटेवर हा शब्दही, त्याच्याशी कसलेही नाते नसताना, चालत गेला. एखाद्या अर्जदाराला कचेरीतून इंग्रजीत उत्तर येते, तेव्हा त्याचे प्रकरण ‘प्रेझेंटली’ विचाराधीन असते; आणि मराठीत येते, तेव्हा तेच प्रकरण ‘सध्या’ विचाराधीन असते. भाषांतर अगदी बिनचूक आहे.